निंजा गायडेन 2: कुठला त्रास सोसायचा आणि कुठला नाही

गोव्यातल्या साखळी गावच्या एका मुलाने विचारलं आहे. फर्मागुडीला इंजिनीअरिंग करतो, गेम पास या एक्सबॉक्सच्या वर्गणीवर 'निंजा गायडेन 2 ब्लॅक' (2008 च्या मारामारीच्या गेमची नवी आवृत्ती) संपवलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, मारामारी इतकी जबरदस्त की हात थांबत नाही, पण मधेच असा वैताग येतो की कंट्रोलर फेकून द्यावासा वाटतो. मित्र म्हणतात खरा गेम 2008 चाच, हा नुसता रंगरंगोटी केलेला. जुना शोधून खेळण्यात अर्थ आहे का? आणि मी सारखा मरतो ती चूक माझी की गेमची?"

चूक कुणाची, तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं उत्तर त्यातच आहे. मी म्हापशात गेमिंग पार्लर चालवतो, त्याआधी पुण्यात एका स्टुडिओत गेम टेस्टिंग करायचो. टेस्टिंगमध्ये खेळाडू मेला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, कशाने मेलास? त्याने झटकन सांगितलं, 'ब्लॉक (वार अडवायचा पवित्रा) सोडला आणि मागच्याने पकडलं', तर गेम कठीण आहे. तो नुसता स्क्रीनकडे बघत राहिला, तर तिथे कामात खोट आहे. 'निंजा गायडेन 2' मध्ये हे दोन्ही प्रकार एकाच खोलीत, कधी कधी एकाच मिनिटात भेटतात. म्हणून लोक एकतर सगळा गेम डोक्यावर घेतात, नाहीतर सगळ्यालाच शिव्या घालतात. माझा हा फार आवडता गेम आहे, आणि म्हणूनच त्यातल्या खोटी झाकून ठेवाव्यात असं मला वाटत नाही.

आधी मूळ गेमविषयी दोन शब्द. तो जून 2008 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आला. बनवला टीम निंजाने, दिग्दर्शक तोमोनोबु इतागाकी, प्रकाशक मायक्रोसॉफ्ट. 2004 चा 'निंजा गायडेन' आणि 2005 ची त्याची 'ब्लॅक' आवृत्ती (तू खेळलास तो 'ब्लॅक' वेगळा) हा संयमाचा खेळ होता. ब्लॉक धरायचा, वाट बघायची, फट दिसली की वार. दुसऱ्या भागात इतागाकींनी वेग वाढवला, गर्दी वाढवली आणि रक्ताला काही मर्यादाच ठेवली नाही. कथा मात्र यथातथाच. नायक रयू हायाबुसाच्या गावातून राक्षसी मूर्ती पळवली जाते आणि तो टोकियो, न्यूयॉर्क, व्हेनिससारखं शहर, मॉस्को असा तिच्या मागे फिरतो. ती कथा आठवून कुणी हा गेम पुन्हा लावत नाही.

लोक पुन्हा लावतात ते तुटलेल्या हातापायांसाठी. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण त्यामागचा विचार फार हुशारीचा आहे. इतर गेममध्ये शत्रूचा जोर हळूहळू कमी होत जातो आणि तो अर्धमेला झाला की तू त्याला विसरतोस. इथे उलट. ब्लॅक स्पायडर टोळीच्या निंजाचा पाय तोडलास की तो मरत नाही, सरपटत येतो, तुला मिठी मारतो आणि स्वतःसकट स्फोट करतो. हात तुटलेला अंगावर धावून येतो. म्हणजे जखमी शत्रू हा धडधाकट शत्रूपेक्षा जास्त धोक्याचा. पण त्याच क्षणी तुलाही एक दार उघडलेलं असतं. जखमी शत्रूच्या जवळ जाऊन वाय हे बटण दाबलं की रयू त्याला एका झटक्यात संपवतो, आणि तो झटका चालू असताना बाकीच्यांचे वार रयूला बहुतेक लागत नाहीत.

पार्लरमध्ये हे शिकताना मुलं कशी बदलतात ते मी जवळून बघतो. नवीन मुलगा एकाचा पाय तोडतो, खूश होतो आणि लगेच पाठ फिरवून समोरच्या दुसऱ्याकडे जातो. खाली पडलेला त्याच्या हिशेबात संपलेला असतो. दोन सेकंदांत मागून मिठी, स्फोट, आणि जीवाची निम्मी पट्टी गेली. दुसऱ्या खेपेला तो घाबरून सगळ्यांपासूनच लांब पळतो आणि लांबून येणाऱ्या शुरिकेनने, म्हणजे फेकायच्या धारदार चांदणीने, मरतो. मग कधीतरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. आता तो मारायला नव्हे, तर अवयव तोडायला वार करतो. एक तोडला की लगेच त्याच्याकडे वळून वाय, त्या झटक्यात सुरक्षित, झटका संपता संपता पुढचा कोण जखमी आहे ते हेरून ठेवलेलं. तिथून पुढे त्याची नजर अख्ख्या खोलीवर असते. त्याआधीचे सगळे मृत्यू त्याला समजावून सांगता येतात. या त्रासाला मी त्रास म्हणणारच नाही.

यात भर पडते एसेन्सची. मेलेल्या शत्रूतून रंगीत गोळे पडतात: पिवळा म्हणजे पैसे, निळा म्हणजे जीव, लाल म्हणजे निन्पो, म्हणजे रयूची जादू, वापरण्याची शक्ती. वाय धरून ठेवलं की रयू मोठा वार चार्ज करतो, आणि आसपास एसेन्स पडलेलं असेल तर ते खेचून घेऊन चार्ज चटकन भरतो. उडी मारून खाली उतरण्याच्या क्षणी वाय धरलेलं असेल तर तो वेळ आणखी कमी होतो. हा मोठा वार चालू असताना रयू जवळपास अभेद्य असतो आणि समोरची अख्खी झुंड कापली जाते. मग त्या झुंडीतून पडलेल्या एसेन्सवर पुढचा चार्ज. तू पेडण्याकडच्या जत्रेत दशावतार पाहिला असशील. राजा आणि राक्षसाच्या युद्धात दोघं सतत भिडत नाहीत. गिरकी घेतात, अडतात, झांज चढत जाते आणि मग वार होतो. चांगला खेळाडू हा गेम खेळताना पाठीमागे उभा राहून बघ, हाताला तोच ताल असतो: तोड, संपव, उडी, उतर, धर, सोड. नुसती बटणं बडवणाऱ्याला हा ताल कधीच सापडत नाही, आणि 'हॅक अँड स्लॅश म्हणजे बटणं बडवणं' म्हणणाऱ्यांनी हा गेम दहा मिनिटं तरी नीट खेळलेला नसतो.

शस्त्रंही तशीच. पुष्कळ गेममध्ये दहा शस्त्रं देतात आणि शेवटपर्यंत माणूस एकच वापरतो. इथे ड्रॅगन स्वोर्ड सगळ्याला पुरून उरते हे खरं, पण लूनार स्टाफ गर्दी मागे ढकलायला, फाल्कन्स टॅलन्स म्हणजे हातापायांची वाघनखं जवळ घुसून पटापट अवयव तोडायला, आणि इक्लिप्स साइथ हा भला मोठा विळा अवजड राक्षसांना आडवा करायला. प्रत्येकाचा वेग, पल्ला आणि वजन वेगळं, हातात घेतल्या घेतल्या जाणवतं. ड्रॅगन स्वोर्डचा इझुना ड्रॉप तर सगळ्यांना पाठच असतो. शत्रूला हवेत उचलायचं, धरायचं, गरगर फिरवत डोक्यावर आपटायचं. तो पहिल्यांदा जमतो तेव्हा आमच्याकडे शेजारच्या खुर्चीवरची मुलंही आपला गेम थांबवून बघतात.

जीवाच्या पट्टीची सोय मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. लढाई संपली की गमावलेला बराचसा जीव आपोआप परत येतो, पण थोडा भाग लाल होऊन राहतो, तो औषधाशिवाय किंवा गेम जिथे सेव्ह करतात त्या पुतळ्याशिवाय भरत नाही. पहिल्यांदा वापरलेला पुतळा पूर्ण जीव देतो. यामुळे गेम प्रत्येक लढाईत तुला जवळजवळ मारू शकतो. 2004 च्या गेममध्ये दर चकमकीनंतर राहिलेला जीव पुरवून पुरवून वापरावा लागे, म्हणून तिथे शत्रू मोजके. इथे प्रत्येक खोली नवीन, म्हणून प्रत्येक खोलीत गर्दी. ती गर्दी तोलून धरणारा खांब म्हणजे ही पट्टी.

गर्दीची कमाल बघायची तर जिन्याची लढाई. लांबलचक जिना, आणि वरून, बाजूने निंजांच्या झुंडी येतच राहतात. मूळ एक्सबॉक्स 360 वर तिथे गेम अक्षरशः रांगायला लागतो, कारण यंत्राला एवढे देह, एवढं रक्त, एवढे तुटलेले अवयव एकाच वेळी झेपत नाहीत. तांत्रिक दृष्टीने ही नापासाची गोष्ट, मी टेस्टर म्हणून तिथे लाल शेरा मारला असता. तरी ज्या बनवणाऱ्यांनी यंत्र कोलमडेपर्यंत शत्रू टाकले, त्यांना आपल्याला काय हवंय ते पक्कं माहीत होतं. पुढच्या आवृत्त्यांत यंत्राची दमछाक दूर झाली खरी, पण त्यासाठी शत्रूच कमी केले, आणि लढाईचा जीवच गेला. नवीन एक्सबॉक्सवर जुना गेम लावला की मूळची सगळी गर्दी असते आणि यंत्रालाही ती झेपते, म्हणून तो जिना खरा कसा असायला हवा होता ते आज कळतं.

आता गेममधल्या खोटी. यांच्या बाबतीत मी गेमची बाजू घेणार नाही.

सगळ्यात मोठी खोट कॅमेऱ्याची. अरुंद बोळात, भिंतीला टेकून, जिन्याच्या वळणावर कॅमेरा रयूच्या खांद्याला चिकटतो किंवा भिंत दाखवत बसतो, आणि मारणारे सगळे त्याच्या मागे. उजवा ट्रिगर दाबून तो पाठीमागे आणता येतो, आणि तो सारखा दाबत राहण्याची सवय लावावीच लागते. पण विचार कर, जो गेम तुला सांगतो की अख्ख्या खोलीवर नजर ठेव, कुठला जखमी कुठून सरपटतोय ते बघ, तोच गेम खोली दाखवत नाही. 2004 मध्ये शत्रू चार होते तेव्हा हा कॅमेरा कसाबसा निभावला. बारा-पंधरा जण अंगावर सोडायचे तर कॅमेरा नव्याने बांधायला हवा होता. तो बांधला नाही. घाई झाली असावी असं खेळताना मला नेहमी वाटतं. गेम आला त्याच महिन्यात इतागाकींनी टेक्मो, म्हणजे टीम निंजाची मालक कंपनी, सोडत असल्याचं आणि थकलेल्या बोनसवरून कंपनीला कोर्टात खेचत असल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा आतलं वातावरण निवांत नव्हतं एवढं नक्की.

दुसरी खोट स्क्रीनबाहेरून येणाऱ्या वारांची. स्फोट होणारे शुरिकेन अंगाला चिकटतात, रॉकेट लाँचरवाले छतावर उभे असतात. समोर दिसणारा निंजा वार करण्याआधी अंग आवळतो, त्याचा इशारा मिळतो. स्क्रीनबाहेरच्या रॉकेटला इशारा नाही. मास्टर निंजा या शेवटच्या पातळीवर तर चिकटणाऱ्या स्फोटकांचा असा मारा असतो की तिथे कौशल्यापेक्षा सतत हलत राहणं आणि नशीब जास्त कामाला येतं. अशा ठिकाणी मेल्यावर 'कशाने' याचं उत्तर पार्लरमधल्या सगळ्यात पक्क्या मुलालाही देता येत नाही.

तिसरी खोट काही बॉसची, म्हणजे एकट्याने भिडणाऱ्या मोठ्या शत्रूंची. गेन्शिन, म्हणजे ब्लॅक स्पायडरचा म्होरक्या, त्याच्याशी होणाऱ्या लढाया अप्रतिम आहेत. तलवारीला तलवार, दोघांचे नियम सारखे, हरलास तरी मान तुकवावी अशा. पण तो अवाढव्य खवल्या राक्षस आठव. बराच वेळ झुंजून त्याला मारलंस, पट्टी संपली, सुटकेचा श्वास सोडलास, आणि तो मरता मरता फुटतो. ब्लॉक धरलेला नसेल तर तूही मेलास, पुन्हा पहिल्यापासून. याला मी कठीणपणा मानत नाही. आधी काहीही न सांगता एकदा फसवायचं आणि दुसऱ्या वेळेला तेच पाठ करून घ्यायचं, यात शिकण्यासारखं काही नाही. तुटलेला निंजा फुटतो तेव्हा तो आधी सरपटत आलेला तुला दिसतो, तिथे तुला संधी असते. दोन्हीकडे स्फोटच, पण एक न्यायाचा, दुसरा अन्यायाचा. पाण्याखालच्या चकमकी आणि धनुष्य घेऊन एका जागी उभं राहून बाण सोडायच्या लढाया यांच्याविषयी फार लिहीत नाही. ज्या गेमचा जीव हालचालीत आहे तो तिथे पाय बांधून बसतो.

आता तुझ्या मित्रांचं म्हणणं. 2009 मध्ये प्लेस्टेशन 3 वर 'सिग्मा 2' आला. इतागाकी गेलेले, सूत्रं योसुके हायाशी यांच्याकडे. त्यांनी रक्ताच्या जागी जांभळट धूर आणला, शत्रू कमी केले, राहिलेले चिवट केले, काही बॉस काढून टाकले, आणि आयाने, मोमिजी, रेचल यांची प्रकरणं घातली. चित्र जास्त स्वच्छ, गती स्थिर, काही त्रास खरोखर गेले. पण शत्रू चिवट केले की एका वाराने अवयव तोडण्याची गंमत कमी होते, आणि माणसं कमी केली की एसेन्सवरून एसेन्सवर उडी मारण्याचा ताल तुटतो. नव्या नायिकांची प्रकरणं आली की तू वाढवत आणलेली शस्त्रं बाजूला पडतात आणि हात पुन्हा कोरा होतो. 2021 चा 'मास्टर कलेक्शन' हा संच याच सिग्मा आवृत्त्यांवर काढला, कारण मूळ आवृत्त्यांचा डेटा टीम निंजाकडे पुरता उरलेलाच नव्हता.

तू खेळलास तो 'ब्लॅक' जानेवारी 2025 मध्ये आला, अनरियल इंजिन 5 या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर. रक्त परत आलं, तुटलेले अवयव परत आले, दिसायला तर देखणाच आहे. पण त्याची हाडं सिग्मा 2 ची आहेत. शत्रूंची मांडणी त्याच वळणाची, गर्दी मूळ गेमइतकी नाही. त्यामुळे 'नुसती रंगरंगोटी' हे तुझ्या मित्रांचं म्हणणं अन्यायाचं, पण 'खरा गेम 2008 चा' हे म्हणणं बरोबर. अडचण अशी की ज्यांनी त्रास कमी करायला घेतला त्यांनी दोन प्रकारचे त्रास वेगळे केले नाहीत. कॅमेरा आणि खवल्या दुरुस्त करायचा होता. गर्दीला हात लावायला नको होता. पीसीवर चाहत्यांनी स्वतः मॉड, म्हणजे गेममधले फेरफार, बनवून शत्रूंची संख्या वाढवली, ती काही हौस म्हणून नाही. नेमकं काय हरवलंय ते त्यांना बोटांनी कळलं होतं.

तर जुना शोध, जरूर शोध. एक्सबॉक्स 360 ची डिस्क मिळाली तर ती नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या ड्राइव्हमध्ये चालते. सिरीज एसला ड्राइव्हच नाही, त्यामुळे तुझ्याकडे ती असेल तर डिजिटल प्रत घ्यावी लागेल. प्लेस्टेशन किंवा पीसीवर मूळ गेम कधी आलाच नाही, तिथे 'ब्लॅक' हाच चांगला पर्याय. जुन्या 360 वर खेळणार असशील तर जिन्याच्या लढाईत मशीन बिघडलंय असं समजू नकोस.

खेळताना चार गोष्टी सांभाळ. कठीणपणाच्या पातळ्या चढत्या क्रमाने अ‍ॅकोलाइट, वॉरिअर, मेंटॉर आणि मास्टर निंजा; पहिली खेप वॉरिअर पातळीवर कर. अ‍ॅकोलाइट फार सोपी म्हणून नव्हे, तर तिथे जखमी शत्रूची भीती बसत नाही आणि मग पुढचं काही शिकणं होत नाही. ब्लॉक धरून कंट्रोलरची काडी ढकललीस की रयू झपकन सरकतो; उभं राहून ब्लॉक करण्याची सवय मोड, कारण मिठीला ब्लॉक चालत नाही. लांबून मारणारे दिसले की बाकी सोडून आधी ते संपव, भोवती कितीही जमलेले असोत. निन्पो चालू असताना इजा होत नाही, म्हणून तो छोट्या चकमकीत उधळू नकोस. अन्यायाचे बॉस येतात तिथे तो बिनधास्त वापर, तिथे स्वाभिमान दाखवण्यात काही मिळवायचं नसतं. आणि खवल्या पडला की ब्लॉक धर, हे आता मी सांगितलंय.

हिंसेविषयीही बोललं पाहिजे, कारण मूळ गेम तुझ्या 'ब्लॅक'पेक्षा जास्त उघडावाघडा आहे. भिंती, फरशा रक्ताने भरतात आणि तुटलेले देह तिथेच पडून राहतात. अमेरिकेत त्याला 17 वर्षं आणि त्यावरच्या वयासाठीचं मानांकन आहे, आणि आमच्याकडे शाळकरी मुलांना हा गेम लावून देत नाही, आईवडील बरोबर असले तरी. तू मोठा आहेस, पण घरी धाकटं कुणी असेल तर हॉलमधल्या टीव्हीवर लावू नकोस.

इतागाकी ऑक्टोबर 2025 मध्ये गेले. त्याच महिन्यात टीम निंजा आणि प्लॅटिनमगेम्सचा 'निंजा गायडेन 4' आला, त्यात याकुमो हा नवा नायक आहे. तो लगेच घेण्याची घाई करू नकोस. आधी 2008 चा वॉरिअरवर संपव, मग लगेच मेंटॉर सुरू करून न्यूयॉर्कच्या प्रकरणापर्यंत जा. तिथल्या गल्ल्यांत मेल्यावर दर वेळी स्वतःला 'कशाने' हे विचार. बहुतेक वेळा उत्तर देता येऊ लागलं की मेंटॉरवर पुढे जा. कॅमेऱ्यामुळे आणि रॉकेटमुळे आलेले मृत्यू मोजू नकोस, ते तुझे नाहीत.